चक्क्याचे पाणी

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत दह्याची पुरचुंडी खुंटीला टांगलेली असते आणि तिच्याखाली एक पातेले ठेवलेले असते. सकाळी फडक्यातला चक्का श्रीखंडासाठी काढला जातो. पातेल्यात साठलेले हिरवट-पिवळे पाणी मात्र बहुधा मोरीची वाट धरते. पंजाबातील घरात पनीर करताना किंवा बंगाल-ओडिशातील मिठाईवाल्याच्या भट्टीवर छेना पाडताना उरते ते पाणीही याच जातीचे. मराठीत त्याला निवळी म्हणतात. दह्याच्या पाण्यासाठी संस्कृतात ‘मस्तु’ असा स्वतंत्र शब्द असून तो अमरकोशातही आढळतो. आयुर्वेदाने या मस्तूचे गुण वेगळे नोंदवून ते पचनास हलके मानले आहे. अर्थात, आज टाकाऊ समजली जाणारी ही वस्तू पूर्वीच्या लोकांना तशी वाटत नव्हती.

निवळीत नेमके असते तरी काय? गाईच्या दुधात शेकडा सुमारे 87 भाग पाणी असते. उरलेल्या भागात स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार ही मुख्य द्रव्ये होत. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे चार पंचमांश केसीन या प्रकारची असतात. दूध आंबले, किंवा तापत्या दुधात लिंबू पिळले, की हे केसीन गोठते आणि आपल्याबरोबर बहुतेक स्निग्धांश ओढून घेते. तोच चक्का, तेच पनीर. जे पाण्यात विरघळलेले असते ते पाण्याबरोबर निघून जाते. दुधातील घनद्रव्यांचा जवळजवळ निम्मा वाटा अशा रीतीने निवळीत उतरतो.

दह्याच्या 100 ग्रॅम आंबट निवळीत सुमारे 5 ग्रॅम दुग्धशर्करा, पाऊण ग्रॅम प्रथिने आणि 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्यापासून 24 ते 25 उष्मांक मिळतात. स्निग्धांश नाममात्रच असतो. पोटॅशियम व फॉस्फरस हेही तिच्यात असतात. कॅल्शियमचे हे प्रमाण दुधाच्या फारसे मागे नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. दुधातील बराचसा चुना केसीनला बिलगून असतो. दही आंबू लागले की आम्लामुळे तो सुटतो आणि पाण्यात मिसळतो. म्हणूनच आंबट निवळीत कॅल्शियम अधिक, तर रेनेटने दूध गोठवून केलेल्या चीजच्या गोड निवळीत ते जवळजवळ निम्मे असते.

निवळीचा हिरवट-पिवळा रंगही निरर्थक नाही. 1879 साली अलेक्झांडर ब्लाइथ या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने निवळीतून हे रंगद्रव्य वेगळे काढले. पुढे ते ब-2 जीवनसत्त्व, म्हणजेच रायबोफ्लेविन, असल्याचे ठरले. हे जीवनसत्त्व उष्णता बऱ्यापैकी सोसते, परंतु प्रकाशाने नष्ट होते. तेव्हा निवळी पारदर्शक बाटलीत भरून उन्हात ठेवणे म्हणजे तिचा गुण घालविणे होय.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्यायाम करणाऱ्या तरुणांसाठी निवळीतील प्रथिनांची भुकटी बाजारात मोठ्या किमतीला विकली जाते. त्यावरून पातेल्यातील पाणी म्हणजे प्रथिनांचा खजिनाच, अशी पुष्कळांची कल्पना होते. ही प्रथिने उत्तम प्रतीची आहेत, यात शंका नाही; पण निवळीत ती फार विरळ असतात. 25 ग्रॅम प्रथिने मिळवायची तर तीन लिटरांहून अधिक निवळी प्यावी लागेल. शिवाय आपल्याकडे दूध उकळूनच वापरतात. उकळताना निवळीतील प्रथिनांपैकी पुष्कळशी केसीनला चिकटतात आणि चक्क्यात वा पनीरमध्येच राहतात. त्यामुळे घरच्या निवळीत ती आणखी कमी भरतात. निवळी ही दुधाची जागा घेऊ शकत नाही. ज्या मुलाला दुधाची गरज आहे त्याला दूधच दिले पाहिजे. निवळीचा योग्य मान एवढाच, की स्वयंपाकात जेथे नुसते पाणी घालावयाचे, तेथे ती घातली तर अन्न तेवढे अधिक सकस होते.

असे प्रसंग स्वयंपाकघरात दिवसातून अनेकदा येतात. पोळ्यांची कणीक किंवा थालीपिठाची भाजणी निवळीत भिजवता येते. तांदळाची उकड, नाचणीची अंबील, कढी आणि सार यांना ती विशेष मानवते, कारण या पदार्थांना थोडी आंबट चव हवीच असते. घावनाच्या किंवा धिरड्याच्या पिठातही ती चालते. फक्त डाळ किंवा कडधान्य शिजवताना ती आरंभी घालू नये. आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालण्याची जुनी रीत याच अनुभवातून आलेली आहे. उन्हाळ्यात निवळीत किंचित मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आले व कोथिंबीर घातली की तहान भागविणारे हलके पेय तयार होते. लिंबाने फाडलेल्या दुधाच्या निवळीत साखर घातल्यास तिचे सरबतही चांगले लागते.

निवळीचा आणखी एक उपयोग बंगाली मिठाईवाल्यांना पूर्वापार ठाऊक आहे. कालची आंबलेली निवळी ते आजचे दूध फाडण्यासाठी वापरतात. तिने छेना मऊ पडतो. सुरत आणि मुंबई येथील पारशी समाजात प्रिय असलेले टोपलीचे पनीर तर निवळीतच बुडवून ठेवतात, म्हणजे ते कोरडे पडत नाही. घरच्या पनीरलाही हीच युक्ती लागू पडते.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. निवळी उकळलेल्या दुधाचीच असावी. ती स्टीलच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात झाकून ठेवावी. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ती कळकते. उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यास ती त्याच दिवशी वापरावी. शीतकपाटात तीन-चार दिवस राहते. वास किंवा चव बिघडल्यास तिचा मोह सोडावा. एका पेलाभर निवळीत सुमारे 10 ग्रॅम दुग्धशर्करा असते, हे मधुमेह्यांनी लक्षात ठेवावे. ज्यांना दूध पचत नाही त्यांना निवळीही बाधण्याचा संभव असतो, आणि दुधातील प्रथिनांचे वावडे असलेल्या मुलांना ती देऊच नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तिच्यातील पोटॅशियममुळे वैद्यांचा सल्ला घ्यावा.

इतर देशांनीही निवळीचे मोल ओळखले आहे. इटलीत ती पुन्हा तापवून रिकोटा करतात. त्या नावाचा अर्थच ‘पुन्हा शिजविलेले’ असा आहे. नॉर्वेत निवळी आटवून तपकिरी रंगाचे गोडसर चीज करतात, तर स्वित्झर्लंडमध्ये 1952 पासून तिच्यापासून केलेले एक पेय बाटल्यांतून विकले जाते. हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. निवळीतील शर्करेवर जिवाणू वेगाने वाढतात आणि पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. एक लिटर निवळी कुजताना 30 ते 50 ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. मोठ्या कारखान्याची निवळी प्रक्रियेवाचून ओढ्यात सोडली, तर त्यातील मासे गुदमरून मरतात. ज्या द्रवाने माणसाचे पोषण व्हावे, त्यानेच प्रवाह निर्जीव व्हावा, यापरते विपरीत ते काय!

कारखान्यांनी निवळीचे काय करावे, हे कायदा व यंत्रे ठरवतील. घरातील निवळीचा निर्णय मात्र घरातच होतो आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एक लिटर दुधाचे पनीर जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम भरते. बाकीचे बहुतेक सारे निवळीच असते. दुधाचा पैसा मोजून देणाऱ्या गृहस्थाने तिचा चुना, तिची शर्करा आणि तिचे जीवनसत्त्व यांचीही किंमत त्यातच चुकती केलेली असते. मग ती कणकेत मुरवावी की मोरीत ओतावी, एवढाच प्रश्न उरतो.