जवळचं विज्ञान : फवाऱ्यामागचं इंजिन

तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावरच्या एखाद्या वॉशिंग सेंटरवर ट्रॅक्टर धुताना पाहा. टायरला घट्ट बसलेली काळी माती बारीक धारेपुढे पपडीसारखी सुटते. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तोच हा प्रकार; अंगठ्याच्या जागी नोझल आणि मागे रेटा देणारं इंजिन.

200 बार दाबानं मिनिटाला 15 लिटर पाणी फेकायला जवळपास 7 एचपी लागतात. पंपातलं घर्षण धरा, झाले 8. त्यात आपलं धाराशिव साधारण 650 मीटर उंचीवर. हवा जरा विरळ, त्यामुळे इंजिनाचा दम सहा-सात टक्के कमी. काठावरचं इंजिन मग दिवसभर धापा टाकत राहतं. रोजच्या धंद्याला मी तरी 11 ते 13 एचपीचंच घेईन.

पण खरी वैरीण धूळ. ती आत गेली की पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून सिलिंडरला बिडाची स्लीव्ह हवी, नुसतं अ‍ॅल्युमिनियम लवकर झिजतं. एअर फिल्टर दुहेरी बघा : बाहेर फोम, आत कागद. ऑइल उतरलं की आपोआप बंद पडणारं असेल तर सोन्याहून पिवळं. आणि महिनाभर काम नसेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, शिळं होऊन चिकट साका धरतं, आणि सुईच्या टोकाएवढं जेटचं भोक बुजतं.