फोन ठेवा, रांगेत दुसरे आहेत

इंटरनेट घरोघरी पोहोचण्याआधी अमेरिकेत हजारो हौशी माणसे आपल्या घरातल्या संगणकाला फोनची लाइन जोडून बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे बीबीएस, चालवत होती. त्या दिवसांविषयी हळवे होऊन बोलणारे आज पुष्कळ भेटतात. मोडेमचा तो कर्कश आवाज, काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ उमटणारी अक्षरे, रात्री उशिरा लागलेला नंबर, अशा आठवणी निघतात आणि बोलणे बहुतेक वेळा एकाच निष्कर्षावर येते: तेव्हाची माणसे समंजस होती, म्हणून ते जग राहण्याजोगे होते. यातली हळहळ खरी आहे, आणि काही मोलाचे हातचे गेले हेही खरे आहे. कारण मात्र चुकीच्या जागी शोधले जाते. माणसे तेव्हाही आजच्यासारखीच होती. वेगळे होते ते टेलिफोनचे दर आणि त्यातून आलेली एक साधी अडचण. बहुतेक बीबीएसना फोनची एकच लाइन असे आणि आत एक जण असेपर्यंत दुसऱ्याला शिरता येत नसे. त्यामुळे आलेल्याने काम उरकून वेळेत निघावे, यातच चालवणाऱ्याचे हित होते. आज आपण ज्या मंचांवर तासन्‌तास घालवतो, त्यांच्या मालकांचे हित नेमके उलट दिशेला आहे. बीबीएसच्या जगात जे काही चांगले होते, त्यातले बरेचसे या एका फरकातून समजते.

पहिल्या बीबीएसपासूनच दरांचा हिशेब दिसतो. जानेवारी १९७८ मध्ये हिमवादळाने शिकागो शहर ठप्प झाले होते. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस हे तिथल्या हौशी संगणक मंडळाचे दोन सभासद. मंडळाच्या फळ्यावर टाचणीने लावल्या जाणाऱ्या सूचना फोनवरून संगणकावर ठेवता आल्या तर, या विचारातून त्यांनी कामाची वाटणी केली. प्रोग्राम क्रिस्टेन्सननी लिहिला, यंत्राची जुळणी सूस यांनी केली. फोनची घंटा वाजली की संगणक जागा व्हावा आणि फ्लॉपीवरून प्रोग्राम चढवून घ्यावा, अशी ती रचना होती. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सीबीबीएस या नावाने ती सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘बाइट’ मासिकात दोघांनी तिची सविस्तर माहिती छापून दिली. यंत्र ठेवले सूस यांच्या घरी, कारण त्यांचे घर शिकागो शहरात होते आणि तिथे फोन करणे आसपासच्या बहुतेकांना स्थानिक कॉलच्या दरात परवडत होते. बीबीएसच्या इतिहासात हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. जगातली पहिली बीबीएस कुठे ठेवायची, हे फोनच्या बिलाने ठरवले.

अमेरिकेत घरगुती फोनला बहुतेक ठिकाणी महिन्याचे ठरावीक भाडे असे आणि त्यात स्थानिक कॉल कितीही वेळ करता येत. परगावचा कॉल मात्र मिनिटाच्या हिशेबाने आकारला जाई आणि तो महाग असे. परिणामी प्रत्येक बीबीएसभोवती जमणारे लोक एकाच शहरातले, पुष्कळदा शेजारच्या वस्त्यांतले असत. टोपणनावाने लिहिणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या बागेत किंवा पिझ्झाच्या दुकानात समोर येऊन बसण्याची शक्यता होती, आणि असे मेळावे खरोखरच भरत. समोर बसावे लागणार असेल तर माणूस लिहिताना थोडा सांभाळतो. त्यासाठी तो मुळातच सज्जन असावा लागत नाही.

आता त्या एका लाइनकडे पाहू. १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि नंबर फिरवणे, फोन उचलणे ही कामे कुठल्याही घरगुती संगणकाला सहज करता येऊ लागली. वेग होता ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. या लेखाएवढा इंग्रजी मजकूर उतरायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ बाकी सगळ्यांना एंगेज टोन ऐकू आला असता. म्हणून बीबीएस चालवणाऱ्यांनी, ज्यांना सिसॉप म्हणत, प्रत्येकाला रोजची मिनिटे ठरवून दिली. ती संपली की यंत्र आपणहून फोन कापत असे. फाइली नुसत्या उतरवून नेणाऱ्याला अडवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी प्रमाण ठरलेले असे: इतक्या न्यायच्या तर इतक्या द्यायच्याही. पुढे क्यूडब्ल्यूके नावाची पद्धत रूढ झाली. तिच्यात सगळे नवे संदेश एका गठ्ठ्यात उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा, निवांत वाचून उत्तरे लिहायची आणि नंतर पुन्हा फोन लावून ती पोहोचती करायची. वाचण्याचे आणि लिहिण्याचे सारे काम लाइनबाहेर होई. खेळांनाही हाच नियम लागू होता. ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’ किंवा ‘ट्रेडवॉर्स’सारख्या लोकप्रिय खेळांत दिवसाला मोजक्या चाली मिळत. त्या संपल्या की खेळ उद्यावर. वाचनालयात दिवाळी अंकाची एकच प्रत असली की ग्रंथपाल ती वेळेत परत यावी म्हणून जशी काळजी घेतो, तशीच काळजी इथे सगळ्या रचनेत भरलेली होती. वापरणाऱ्याला थांबवून ठेवावे, त्याचे लक्ष पुन्हा पुन्हा ओढावे, असे साधन बनवण्याची गरज सहसा कुणाला वाटली नाही, कारण एका लाइनवर त्याचा काही उपयोग नव्हता. उत्तर लिहायला वेळ मिळे, राग ओसरायलाही मिळे. आज हळव्या मनाने आठवला जाणारा संथपणा याच काटकसरीतून आला होता.

हे सगळे जुन्या तंत्राचे गुण होते, दरांचे नव्हते, असे कुणी म्हणेल. तसे असते तर फोनच्याच तारांवर चालणाऱ्या दुसऱ्या जाळ्यातही तेच घडायला हवे होते. फ्रान्समध्ये १९८२ पासून सरकारी टेलिफोन खात्याने मिनिटेल हे छोटे यंत्र लोकांना फुकट वाटले. त्यावरच्या अनेक सेवांचे शुल्क मिनिटाप्रमाणे फोनच्या बिलात येई आणि त्याचा वाटा सेवा चालवणाऱ्याला मिळे. वापरणारा जितका रेंगाळेल तितकी कमाई जास्त. थोड्याच वर्षांत तिथे शृंगारिक गप्पांच्या सेवांचा सुळसुळाट झाला, त्यांच्या जाहिराती पॅरिसच्या भिंतींवर झळकल्या आणि अनोळखी माणसाला बोलत ठेवणे हाच अनेकांचा व्यवसाय बनला. मिनिटेल ३० जून २०१२ रोजी बंद झाले. त्याने फ्रान्सला रेल्वेच्या तिकिटांपासून दूरध्वनी क्रमांकांपर्यंत खूप काही दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण तंत्र जवळपास सारखे, काळ तोच आणि पैशाची दिशा उलटी असली की काय होते, याचा यापेक्षा चांगला नमुना सापडणे अवघड आहे.

दुसरा पुरावा बीबीएसच्याच घरातला आहे. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी बाल्टिमोरमधल्या जॉन मॅडिल यांच्या बीबीएसशी संदेशांची देवाणघेवाण करण्यासाठी फिडोनेट उभे केले. रात्री परगावच्या कॉलचे दर उतरले की यंत्रेच एकमेकांना फोन करत आणि दिवसभर साठलेली पत्रे पोहोचवत. सेंट लुइस शहरात अनेक बीबीएस झाल्यावर १९८५ मध्ये अशी सोय आली की साऱ्या शहराची पत्रे एकाच महागड्या कॉलमध्ये यावीत आणि तिथून स्थानिक कॉलने घरोघर जावीत. काटकसरीतून जन्मलेली ही रचना जगभर पसरली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्यात ३० हजारांहून अधिक बीबीएस सामील झाल्या. मात्र १९८६ च्या सुमारास डॅलसच्या जेफ रश यांनी इकोमेल आणली. एका बीबीएसवर लिहिलेले आता शेकडो ठिकाणी आपोआप उमटू लागले. यामुळे दुर्मीळ विषयांतल्या माणसांना सोबती मिळाले, हा मोठाच लाभ होता. पण त्याबरोबर भांडणेही आली, आणि जाळ्याचा कारभार पाहण्यासाठी काढलेली संस्था १९८९ मध्ये सत्तेच्या वादातच बरखास्त झाली. हीच माणसे आपापल्या शहरात गुण्यागोविंदाने नांदत होती, असे सरसकट म्हणता येणार नाही, स्थानिक बीबीएसवरही कुरबुरी चालत. तरी भांडण किती पेटते, हे ज्याच्याशी भांडतो तो किती दूर आहे यावर बरेच अवलंबून असते, एवढे त्यातून दिसते.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे जग मूठभरांचे होते. संगणक, मोडेम आणि रिकामा वेळ ज्यांच्याकडे होता, त्यांत सुखवस्तू गोऱ्या पुरुषांचा आणि मुलग्यांचा भरणा होता. चोरीचे सॉफ्टवेअर आणि अश्लील चित्रे यांची देवाणघेवाणही पुष्कळ बीबीएसवर उघड चाले. हा आक्षेप मान्यच करायला हवा, आणि आठवणी सांगणाऱ्यांनी तो टाळणे योग्य नाही. पण मूठभर म्हणताना आणखी काही माणसे नजरेआड होतात. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बेन गार्डिनर यांनी एड्सविषयी माहिती देणारी बीबीएस सुरू केली. त्या वेळी या आजाराचे नाव घेणेही अनेकांना नको होते, रुग्णाला नोकरी आणि घर जाण्याची भीती होती. नाव न सांगता, कुणाला न भेटता, रात्री फोन लावून औषधांची बातमी वाचता येणे ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. क्लीव्हलँडमध्ये टॉम ग्रंडनर यांनी १९८४ मध्ये लोकांच्या आरोग्यविषयक प्रश्नांना डॉक्टरांकडून उत्तरे मिळवून देणारी सेवा चालवली, तीच १९८६ मध्ये सर्वांना मोफत असलेल्या क्लीव्हलँड फ्री-नेटमध्ये वाढली. ही कामे चालवायला गुंतवणूकदार लागला नाही. सुरुवातीचा खर्च एका माणसाला पेलेल इतकाच होता, म्हणून ती उभी राहू शकली.

या खर्चाबरोबर जबाबदारीही अंगावर येई. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ छापणाऱ्या प्रकाशनावर छापा घातला आणि त्यांची बीबीएस चालवणारा संगणकच उचलून नेला, त्यात लोकांची न वाचलेली खासगी पत्रेही होती. १९९३ मध्ये न्यायालयाने निकाल प्रकाशनाच्या बाजूने दिला. या तुलनेत आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांचा विचार करावा, कारण छोटे गट आजही आहेतच, मग हरवले काय, असे विचारले जाते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटाच्या अ‍ॅडमिनला केवळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. सभासद घेणे आणि काढणे एवढेच त्याच्या हातात असते, कोण काय लिहील हे त्याला आधी तपासता येत नाही. निकाल न्याय्य आहे, आणि हरवले काय, याचेही उत्तर त्यात आहे. सिसॉप यंत्राचा मालक होता, नियम त्याचे होते, वीज आणि फोनचे बिलही त्याचे होते. तो मनमानी करू लागला तर वापरणाऱ्याने शहरातल्या दुसऱ्या बीबीएसचा नंबर फिरवायचा. आजच्या अ‍ॅडमिनकडे नाव आहे, घर मात्र दुसऱ्याचे आहे.

भारतात ही गोष्ट फार लवकर आटोपली. मुंबईत सुचित नंदा यांची लाइव्ह वायर आणि बंगळुरूत अतुल चिटणीस यांची सीआयएक्स अशा मोजक्या बीबीएस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चालत होत्या. पण इथे फोनच वर्षानुवर्षे वाट पाहून मिळे. त्यात दूरसंचार खात्याने अशा हौशी सेवांवर लाखो रुपयांचे परवाना शुल्क लावण्याचा घाट घातला आणि त्याविरुद्ध चालवणाऱ्यांना झगडावे लागले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा आली तेव्हा मागे ठेवण्याजोगे फारसे काही इथे उभेच राहिले नव्हते. अमेरिकेत मात्र १९९४ च्या एका अंदाजानुसार ६० हजार बीबीएस चालू होत्या. त्यांचा अंत लोकांनी त्या नाकारल्यामुळे झाला, हे अर्धेच खरे आहे. अनेक सिसॉपनी आपल्या लाइनी वाढवून इंटरनेट जोडण्या विकायला सुरुवात केली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनने महिना १९.९५ डॉलरमध्ये हवा तेवढा वेळ देऊ केला, तेव्हा जवळ-दूर हा फरकच संपला.

आता एकच लाइन पुन्हा येणार नाही, मग हा हिशेब मांडून उपयोग काय? तैवानमध्ये याचे उत्तर चालू अवस्थेत आहे. १९९५ मध्ये राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली पीटीटी ही अक्षरांपुरती बीबीएस आजही त्या देशात वाचली जाते. ती इंटरनेटवरून चालते, एका वेळी हजारो जण आत असतात, त्यामुळे लाइनची टंचाई तिला कधी नव्हतीच. जाहिराती मात्र नाहीत आणि रेंगाळणाऱ्यांमुळे कुणाची कमाई होत नाही. ३१ डिसेंबर २०१९ रोजी वुहानमधल्या न्यूमोनियाविषयी तिथे आलेला मजकूर तैवानच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या एका डॉक्टरने पाहिला, आणि त्याच दिवशी वुहानहून येणाऱ्या विमानांतल्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली. पीटीटीवर भांडणे होत नाहीत असे नाही. २०१८ मध्ये निवडणुकीच्या काळात विकत घेतलेल्या खात्यांमधून प्रचार होत असल्याचे आरोप झाले. त्या वर्षी चालवणाऱ्यांनी नव्या सभासदांची नोंदणीच थांबवली. सभासदांच्या आकड्यावर जगणाऱ्या कोणत्याही कंपनीला तो निर्णय घेता आला नसता.