एकाच छपराखालचा तोतया

वसतिगृह असो, छोटे कार्यालय असो वा घर, एकाच वायफायवर आठ-दहा संगणक आणि मोबाईल चालणे आता नेहमीचे झाले आहे. बाहेरच्या चोराची धास्ती सर्वांनाच असते. पण त्याच जाळ्यात बसलेला एखादा माणूस दुसऱ्या यंत्राचे सोंग घेऊन आपले निरोप स्वतःकडे वळवू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे घडते कसे? जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. आयपी पत्ता बदलू शकतो. मॅक पत्ता सहसा कारखान्यातूनच मिळालेला असतो. जाळ्याच्या आत निरोप पोचवायचा तर मॅक पत्ता हवा. म्हणून संगणक सर्वांना ऐकू जाईल असे विचारतो, ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता सांगतो आणि विचारणारा तो थोड्या वेळापुरता टिपून ठेवतो. या पद्धतीला एआरपी म्हणतात. डेव्हिड प्लमर यांनी ती १९८२ साली मांडली. मात्र उत्तर देणारा खरा की खोटा, हे पडताळण्याची सोय तिच्यात नाही.

नेमके इथेच फावते. ‘राउटर तो मीच,’ असे कोणी खोटेच सांगत राहिला, तर भाबडा संगणक तेही टिपून घेतो. मग बाहेर जाणारे निरोप आधी त्या लबाडाच्या हाती पडतात. तो ते वाचून पुढे धाडत राहिला, तर संशयही येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमने यावर काही उपाय योजले आहेत. न विचारता आलेल्या उत्तरावरून लिनक्स एरवी नवी नोंद करत नाही. मात्र जुनी नोंद अशा उत्तराने बदलू शकते. एखादा आयपी पत्ता एका मॅक पत्त्यावरून दुसऱ्यावर गेला, की फ्रीबीएसडी तशी सूचना लिहून ठेवते. विंडोज आणि लिनक्समध्ये राउटरचा पत्ता कायमचा पक्का करून ठेवता येतो. मग कोणी काहीही सांगो, ती नोंद हलत नाही. फक्त राउटर बदलला की ती पुन्हा करावी लागते, आणि शेकडो संगणकांच्या कार्यालयात हे काम डोईजड होते. तिथे संगणकांना जोडणारा स्विचच प्रत्येक उत्तर आपल्या नोंदींशी ताडून पाहतो आणि खोटे उत्तर अडवतो.

सामान्य माणसाने काय करावे? कुलूपबंद, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या संकेतस्थळावरच पासवर्ड द्यावा. तिथला मजकूर सांकेतिक रूपात जात असल्याने वाटेत पकडला तरी वाचता येत नाही. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर ‘पुढे जा’ न दाबता तिथेच थांबावे. तोतया मध्ये बसल्याची ती खूण असू शकते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी राउटरवर पाहुण्यांचे वेगळे वायफाय सुरू करावे. बँकेचे व्यवहार मात्र परक्या वायफायऐवजी स्वतःच्या मोबाईलच्या इंटरनेटवरच करणे शहाणपणाचे.