विनाचालक डंपर येत आहेत. जमीन देणाऱ्याने काय विचारावे?

खाणपट्ट्यातल्या गावात जमीन संपादनाची नोटीस आली की चावडीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. दर किती, हा प्रश्न दुसरा. पहिला असतो, पोराला नोकरी लागते का? आणि नोकरी म्हणजे काय, असे पोराला विचारले तर दहातले पाच-सहा जण सांगतात, डंपरवर. जड वाहनाचा परवाना काढून ठेवलेली पोरे आज गावोगाव आहेत. वावर गेले तरी स्टीअरिंग हाती येईल, या हिशेबावर बापाने सही केलेली असते.

हे पान शेतीचे आणि मी शेतीखात्याचा माणूस. डंपरचा विषय येथे कशाला, असे कोणी म्हणेल. पण एकदा गेलेली जमीन परत येत नाही, आणि तिच्या बदल्यात जी खुर्ची आपण मागतो आहोत ती खुर्चीच जगातल्या मोठ्या खाणींतून हळूहळू काढून टाकली जात आहे. हे सही करण्यापूर्वी कळलेले बरे.

अगदी ताजे उदाहरण चीनचे घ्या. उत्तर चीनच्या इनर मंगोलिया भागात यिमिन नावाची कोळशाची खुली खाण आहे. आपल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्यासारखीच, वरची माती काढून खाली कोळसा काढायचा. मे २०२५ मध्ये हुआनेंग या वीज कंपनीने तेथे एकदम १०० डंपर उतरवले. प्रत्येकाची वाहण्याची ताकद ९० टन. बॅटरीवर चालणारे, आणि चालक नसलेले. चालक नाही म्हणजे तो घरी बसला आहे असे नव्हे. गाडीला चालकाची केबिनच बनवलेली नाही! पुढे इंजिन नाही, वर काच नाही, बसायला जागा नाही. चार-पाच पावलांवरून पाहिले तर पुढचा भाग कोणता आणि मागचा कोणता, असा प्रश्न पडावा. हिवाळ्यात तेथे पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. त्या थंडीत रात्रपाळीला माणूस बसवणे कठीण, हे एक कारण कंपनी सांगते. दुसरे कारण सांगायची गरज नाही.

मात्र ही गोष्ट चीनने सुरू केलेली नाही. २००८ मध्ये जपानच्या कोमात्सु कंपनीचे विनाचालक डंपर चिली देशातल्या गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत धंद्याच्या कामाला लागले, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजाच्या खाणीत त्यांची चाचणी सुरू केली. पिलबारा म्हणजे लाल मातीचा, उन्हाने भाजणारा, माणसांची वस्ती नावापुरती असलेला मुलूख. तेथे चालक लागला तर तो विमानाने आणावा लागतो, खाणीवर त्याला खोली द्यावी लागते, जेवू घालावे लागते, आणि पाळी संपली की विमानानेच घरी पोचवावे लागते. एका खुर्चीचा खर्च केवढा, ते तुम्हीच धरा. म्हणून यंत्राची घाई आधी तेथे झाली. आता तेथील डंपरांवर देखरेख होते ती पर्थ शहरातल्या एका इमारतीतून. खाणीपासून हे शहर साधारण १,५०० किलोमीटर दूर, म्हणजे रेल्वेने नागपूर ते मुंबई जेवढे अंतर त्याच्या पावणेदोन पट.

हे चालते कसे? घाण्याच्या बैलाला वाट दाखवावी लागत नाही, तसा काहीसा प्रकार आहे. खाणीचा पूर्ण नकाशा संगणकात असतो. प्रत्येक डंपरला उपग्रहावरून आपली जागा समजते. समोर काय आहे हे पाहायला रडार आणि लेझरचे डोळे असतात. सगळ्या खाणीत बिनतारी जाळे पसरलेले असते आणि मुख्य संगणक सांगतो की अमक्या नंबरच्या गाडीने अमक्या फावड्याखाली उभे राहायचे, भरले की तमक्या ढिगाऱ्यावर रिकामे करायचे. जाळे तुटले की गाडी जागच्या जागी थांबते. खाणीत फिरणाऱ्या जीप, पाण्याचे टँकर, ग्रेडर यांच्यावरही यंत्र बसवावे लागते, म्हणजे डंपरला ते दिसतात. यंत्र नसलेल्या वाहनाला त्या हद्दीत शिरायलाच मिळत नाही.

या गाड्या इतक्या नेमक्या चालतात की तीच एक अडचण होऊन बसली. बंडीची चाकोरी तुम्हाला ठाऊक आहे. रोज त्याच वाटेने बंडी गेली की चाक बसेल एवढी खोल नाळी पडते. माणूस चालक थोडा इकडे, थोडा तिकडे गाडी घेतो. संगणक मात्र बोटभरही चुकत नाही, त्यामुळे २९० टन माल वाहणाऱ्या, दोन माणसांच्या उंचीइतक्या चाकांच्या गाड्या एकाच रेषेवरून धावून रस्त्याला चाकोऱ्या पडू लागल्या. मग अभियंत्यांना मुद्दाम गाड्यांची वाट थोडी थोडी सरकवण्याची सोय करावी लागली. म्हणजे यंत्राला माणसासारखे जरा वाकडे चालायला शिकवले, म्हणा ना.

कंपनीचा फायदा कशात आहे हेही पाहून घ्या. २०१७ सालाचा हिशेब देताना रिओ टिंटोने सांगितले की विनाचालक डंपर चालकाच्या डंपरपेक्षा वर्षाला सरासरी ७०० तास जास्त चालला आणि माल वाहण्याचा खर्च सुमारे १५ टक्क्यांनी कमी आला. आठ तासांची पाळी धरली तर ७०० तास म्हणजे जवळपास ८७ पाळ्या! पाळी बदलणे, जेवण, चहा, लघवी, झोपेची डुलकी, हे सगळे त्यातून वजा. आकडा कंपनीचाच आहे, म्हणून थोडी सूट धरा. पण त्यानंतर इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या, तेव्हा तो हवेतला नसावा.

अपघात होतच नाहीत, असे समजू नका. ऑगस्ट २०१४ मध्ये पिलबारातल्याच जिम्बलबार खाणीत भरलेला विनाचालक डंपर आणि माणूस चालवत असलेला पाण्याचा टँकर एका वळणावर एकमेकांवर आले. टँकरचालकाला किरकोळ दुखापत झाली, एवढ्यावर निभावले. यंत्र आपल्या ठरल्या वाटेने जात होते आणि ती वाट टँकरवाल्याच्या लक्षात आली नव्हती. जेथे माणूस आणि यंत्र एकाच रस्त्यावर येतात तेथे घोटाळा होतो. म्हणूनच या गाड्या कुंपणाच्या आत, मालकीच्या रस्त्यावर चालतात. तुमच्या गावावरून कोळसा नेणारा टिप्पर ही वेगळी जात आहे. त्याच्या समोर शाळकरी मूल येते, म्हैस येते, सायकल येते. खाणीतले यंत्र उद्याच त्या रस्त्यावर येईल, ही भीती आज बाळगण्याचे कारण नाही. आणि त्या यंत्रामुळे रस्त्यावरचा टिप्पर आणि पऱ्हाटीवर बसणारी काळी धूळ कमी होईल, ही आशाही बाळगू नये. खाणीत कितीही सुधारणा झाली तरी बोंड काळे पडायचे ते पडतेच, रस्त्यावरची वाहतूक बदलत नाही तोवर. गडचिरोलीत २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. तिच्यातून लोहखनिज पाण्यात कालवून नेतात. रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील त्या अशा मार्गाने.

आता विजेचे पाहू. खरे तर मोठा डंपर पुष्कळदा अर्धा विजेचाच असतो, हे अनेकांना माहीत नसते. अशा डंपरातले डिझेल इंजिन चाक फिरवत नाही, ते जनित्र फिरवते, आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. तेव्हा इंजिन काढून त्याजागी बॅटरी बसवणे, किंवा रेल्वेसारखी वरून तार ओढून चढावर वीज देणे, ही पुढची पायरी. स्वीडनच्या आयटिक या तांब्याच्या खाणीत २०१८ मध्ये ७०० मीटर तार ओढून असा प्रयोग झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फोर्टेस्क्यू कंपनीने लीभेर या कंपनीशी करार केला, त्यात २४० टनी असे ३६० डंपर आहेत. बॅटरीवर चालणारे आणि विनाचालक. म्हणजे दोन्ही गोष्टी आता जोडीनेच येत आहेत.

स्वित्झर्लंडमधील एका सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीतला बॅटरीचा डंपर तर मला सगळ्यांत मजेदार वाटतो. खाण डोंगरावर, कारखाना खाली. रिकामी गाडी वर चढते तेव्हा बॅटरी खर्च होते. ६५ टन दगड भरून उतरताना ब्रेक लावायच्या ऐवजी मोटारीच जनित्र होतात आणि बॅटरी भरत जातात. भरलेल्या गाडीचे वजन रिकाम्या गाडीच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे चढताना गेलेली वीज उतरताना बहुतेक सगळी परत मिळते, सोयीची वाट असेल तर थोडी उरतेही. त्या बॅटरीत ६०० युनिट मावतात. पाच अश्वशक्तीचा शेतपंप तासाला साधारण चार युनिट घेतो, म्हणजे दीडशे तास पाणी ओढता येईल एवढी वीज एका गाडीत.

पण हे वाचून कोणी आपल्या भागात फुकटच्या विजेचे गणित मांडू नये. आपल्या कोळशाच्या खाणी म्हणजे खड्डे. येथे गाडी भरून वर चढते आणि रिकामी खाली उतरते, अगदी उलटा प्रकार. ती वीज विकतच घ्यावी लागणार. सुरजागडसारख्या डोंगरावरच्या खाणीला हा उताराचा फायदा मिळू शकतो. आणि कोळसा खाणीतली वीज बहुधा कोळशाचीच. यिमिनची खाणही औष्णिक वीज केंद्राच्या शेजारीच आहे. खाणीतला धूर कमी होईल, आवाज कमी होईल, तेथे काम करणाऱ्याच्या छातीला आराम पडेल. एवढे पदरात टाकून घ्यावे.

पुन्हा नोकरीकडे येतो. आपल्याकडच्या कोळसा खाणींत डंपरवर आज चालकच बसतो. आपल्याकडे चालक स्वस्त, यंत्र महाग, तेव्हा पिलबारासारखी घाई येथे होणार नाही, असे माझे मत आहे. पण खाण उघडली की वीस-तीस वर्षे चालते. २००८ मध्ये चाचणीत असलेले यंत्र २०२५ मध्ये एका वेळी शंभराच्या संख्येने उतरले, ही सतरा वर्षांची गोष्ट. आज पंचविशीत असलेला तुमचा मुलगा तेव्हा बेचाळिशीचा असेल.

कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे, आणि आपली वेकोलि त्याच छत्राखाली येते. ही नोकरी कंपनीच्या हजेरीपटावरची. सुरुवात मजूर म्हणून होते, डंपर पुढे शिकून मिळतो. ती टिकाऊ आहे, खुर्ची गेली तरी माणूस दुसरीकडे घेतला जाईल. धोका आहे तो माती काढणाऱ्या कंत्राटदाराकडे लागलेल्या पोरांना. त्यांच्या हाती ना कायमपणा ना प्रशिक्षण. गाडी गेली की तेही गेले.

२०१३ चा भूसंपादन कायदा काढून पाहा. दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला तीन पर्याय दिले आहेत. पहिला, प्रकल्पातून नोकऱ्या निर्माण होत असतील तेथे योग्य प्रशिक्षण देऊन कुटुंबातील एकाला नोकरी. दुसरा, एकरकमी पाच लाख रुपये. तिसरा, वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपये. पहिल्या पर्यायातले "नोकऱ्या निर्माण होत असतील" आणि "योग्य प्रशिक्षण" हे शब्द पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. विनाचालक खाणीत नोकऱ्या असतात, पण वेगळ्या. बॅटरी आणि उच्च दाबाच्या विजेचे काम, बिनतारी जाळ्याची देखभाल, रडार-लेझरची दुरुस्ती, नियंत्रण कक्षातला पडदा. पश्चिम ऑस्ट्रेलियात रिओ टिंटो, तेथील सरकार आणि एक शासकीय तंत्रशिक्षण संस्था यांनी मिळून २०१९ मध्ये स्वयंचलित खाणकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला. आपल्या आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा आहेत. दहावी झालेल्या पोराला जड वाहनाच्या परवान्यासाठी पैसे भरण्याआधी तिकडे एक चक्कर मारू द्या.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) यांच्यासाठी एक गोष्ट. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधित गावांसाठी असतो आणि कौशल्य प्रशिक्षण हा त्यातला अग्रक्रमाचा विषय आहे. सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक यांच्या मागणीचे ठराव भराभर होतात, प्रशिक्षणाची मागणी मात्र क्वचितच कोणी करतो. ठराव लिहिताना "स्थानिकांना नोकरी द्यावी" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कामावर, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या पटावर, आणि ते काम यंत्राकडे गेले तर त्या माणसाला कोणते शिक्षण देऊन कोठे घेणार, हे लेखी मागा.

आणि एकरकमी पाच लाखांकडे ज्यांचा कल आहे त्यांनी अनुसूची नीट वाचावी. दरमहाच्या रकमेला शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढ देण्याची तरतूद तेथे लिहिलेली आहे. पाच लाखांच्या आकड्याला ती जोडलेली नाही, आणि तो आकडा २०१३ सालचा आहे.