दापोलीतून बारावीनंतर बीएस्सी नर्सिंग

बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी. महाराष्ट्रातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये 1998 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न असतात. दापोलीच्या मुलांना जिल्ह्यातच डेरवणच्या नर्सिंग महाविद्यालयाचा पर्याय आहे.

प्रवेशासाठी बारावी विज्ञान हवी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या चारही विषयांत उत्तीर्ण होऊन पहिल्या तीन विषयांत एकत्रित 45 टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी 40. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण असावीत. केवळ बारावीच्या गुणांवर भागत नाही, राज्याच्या सीईटी सेलची वेगळी प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. तिच्यात या चार विषयांसोबत नर्सिंगविषयक कलही तपासला जातो. गणिताची अट नाही, हे अनेक घरांत ठाऊकच नसते आणि चांगली मुले मागे राहतात. मुलींइतकाच मुलांनाही हा मार्ग खुला आहे.

कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांनी तीन वर्षांचे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) करावे. त्यानंतर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमातून पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगची पदवी मिळते.

कोकणात प्रवेशासाठीचे जातीचे आणि अधिवासाचे दाखले ऐन पावसात काढताना धावपळ होते. ते बारावीच्या वर्षातच काढून ठेवावेत.