डिझेलची वाट: टाकीपासून नोझलपर्यंत

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून तापवायची आणि ऐन क्षणी तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा, एवढ्यावर ते चालते. त्यामुळे बॅटरी आणि स्टार्टर धड असूनही जुनी गाडी उठत नसेल, किंवा भरल्या मालानिशी दम सोडत असेल, तर पहिला संशय डिझेलच्या पुरवठ्यावर जातो. जुनी गाडी म्हणजे इथे ती, जिचा पंप संपूर्ण यांत्रिक आहे आणि जिच्यात संगणक नाही.

अशा गाड्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या परिसरात अजून भरपूर राबतात. नागपूर-रायपूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा ६ आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, या गावातून जातो. याच तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८०च्या दशकापासून आहे. भोवती सारा धानाचा मुलूख. राइस मिलकडे धान नेणारे टाटा ४०७, महिंद्राच्या जीप, बांध्यांमध्ये चिखलणी करणारे ट्रॅक्टर यांची बनावट वेगवेगळी असली, तरी डिझेलचा मार्ग जवळपास सारखाच असतो.

टाकीतल्या नळीतून फीड पंप डिझेल ओढतो. ते फिल्टरमधून गाळून इंजेक्शन पंपाकडे जाते. हा पंप प्रचंड दाबाने ते लोखंडी नळ्यांतून नोझलपर्यंत ढकलतो आणि उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते. बॉश कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. भारतात १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या ‘मायको’ने ते आणले आणि आजही अनेक मिस्त्री ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात. या मार्गाचे दोन भाग डोक्यात पक्के हवेत. फीड पंपाच्या आधी डिझेल ओढले जाते, म्हणून तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथली फट ओली दिसते. पुष्कळसे बिघाड पहिल्या भागात असतात आणि नेमके तेच डोळ्यांना दिसत नाहीत.

कोणताही नट सैल करण्याआधी स्टार्टर मारताना धुराड्याकडे पाहावे. धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही. मग टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा हीटर प्लग तपासायचे, फिल्टरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. धूर नसताना सर्वांत आधी पाहायची ती इंजिन बंद करण्याची केबल. ती गंजून अडकली की पंपाचा दांडा ‘बंद’वरच राहतो. काही पंपांवर वायरने चालणारा कटऑफ असतो, त्याची वायर निसटलेली असू शकते. हे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि त्यात कधी कधी दिवसभराचे काम वाचते.

त्यानंतर टाकी. गाडी काही अंतर नीट जाते, हळूहळू मरते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, हे लक्षण मोलाचे आहे. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले की आत पोकळी होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. बंद पडल्याबरोबर झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला की निदान झाले. आवाज आला नाही, तर नळीच्या तोंडाशी कागदाचा किंवा पानाचा तुकडा चिकटत असेल. इंजिन थांबले की तो सुटून खाली बसतो, म्हणून नंतर तपासताना सगळे ठीक वाटते.

पावसाळ्यात पाण्याचा त्रास वाढतो. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव जमते. घरी ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलात झाकणावाटे पाणी जाते. रोवणीच्या धावपळीत बांधावरच ट्रॅक्टर भरला जातो, तेव्हाही ते मिसळते. डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी तळाशी बसते आणि दोहोंच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळा चिकट गाळ धरतो. फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत धरून रात्रभर ठेवले की पाण्याचा थर वेगळा दिसतो. पाणी निघाले, तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवावी लागते, नाहीतर नवा फिल्टरही लवकरच बुजतो.

हवा हा सर्वांत छळणारा बिघाड. संध्याकाळी व्यवस्थित उभी केलेली गाडी सकाळी पंधरा-वीस वेळा स्टार्टर मारल्याशिवाय उठत नाही, कारण रात्रीतून फटीवाटे हवा शिरते आणि नळीतले डिझेल टाकीकडे उतरते. चिरलेला रबरी पाइप, सैल क्लिप, पुन्हा वापरलेला तांब्याचा वायसर, गंजलेल्या नळीवरचे टाचणीएवढे भोक, फिल्टरचे नीट न बसलेले रबर ही त्याची नेहमीची ठिकाणे. फीड पंपावरच्या हातपंपाची मूठ फिरवून बसवायची राहिली, तरी तिथून हवा ओढली जाते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली की बुडबुडे दिसतात. त्याहून खात्रीची कसोटी म्हणजे डबा. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच टांगून त्याची नळी थेट फिल्टरला द्यायची. गाडी सुरळीत चालली, तर दोष फिल्टरच्या मागे, म्हणजे टाकी, नळी किंवा फीड पंपात आहे. तरीही रडत असेल, तर दोष फिल्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे. अर्ध्या गाडीवरचा संशय एका चाचणीत मिटवणारी याहून स्वस्त युक्ती नाही.

फीड पंपाची परीक्षा सोपी आहे. पुढची नळी सोडून हातपंप मारला की जोरदार चिळकांडी यायला हवी. न आल्यास त्याचे छोटे व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलेले असतात. दट्ट्याची दांडी झिजली, तर डिझेल आतल्या आत गळते आणि ज्या इंजिनात पंपाला इंजिनाचेच ऑइल मिळते तिथे ऑइलची पातळी वाढलेली दिसते. अशी गाडी चालवू नये, कारण पातळ ऑइल बेअरिंग खाते.

दुरुस्तीनंतर हवा काढायची ती क्रमाने. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारायचा, मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू, शेवटी दोन नोझलांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त दाबू नये. नोझलमधून सुटलेला फवारा कातडी भेदून आत जाऊ शकतो, म्हणून गळती कधीही बोटाने शोधू नये. नव्या कॉमन रेल गाड्यांत चालू इंजिनावर हे नट सोडणे तर जिवावर बेतणारे आहे.

इंजिन चालते पण थरथरते, अशा वेळी मंद गतीवर एकेका नोझलचा नट क्षणभर सैल करावा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतो आहे, बदलला नाही तर तोच दोषी. फवारा मारण्याऐवजी टपकणारा नोझल काळा धूर आणि ठोका देतो. मात्र काळा धूर बुजलेल्या एअर फिल्टरनेही येतो, तो आधी पाहावा.

एवढे झाल्यावरच इंजेक्शन पंपाकडे वळावे. त्यातले एलिमेंट, म्हणजे दट्ट्या आणि त्याचे नळकांडे, मायक्रॉनच्या हिशेबात बसवलेले असतात आणि डिझेलच त्यांचे वंगण असते. रॉकेलची भेसळ त्यांना म्हणूनच घासते. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्याशिवाय न उठणारी गाडी बहुधा झिजलेल्या एलिमेंटची असते, कारण तापून पातळ झालेले डिझेल फटीतून निसटते. तरीही आधी ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग तपासावी. ती ढिली पडली तरी पंपात पुरेसा दाब राहत नाही. पंप रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उघडू नये. तो कॅलिब्रेशनच्या बेंचवरच जोडला जावा आणि डिझेलची मात्रा ठरवणारा सीलबंद स्क्रू ‘पिकअप’च्या लोभाने कोणी फिरवू नये. पंप उतरवण्याआधी त्याच्या आणि इंजिनाच्या अंगावर टायमिंगची खूण करून ठेवावी, आणि परत बसवताना ती तंतोतंत जुळवावी.