ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन: उत्तरेकडे दीड तास

नॉर्वेतलं ट्रॉम्सो आधीच आर्क्टिक वृत्ताच्या वर. तिथून विमान आणखी उत्तरेला, स्वालबार्ड द्वीपसमूहावरच्या लाँगयिअरब्येनला जातं. ✈️

अंतर नकाशावरूनच काढता येतं. ट्रॉम्सो सुमारे ६९.७ अंश उत्तर, लाँगयिअरब्येन ७८.२ अंश. फरक साडेआठ अंशांचा. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणजे हवाई अंतर जवळपास ९५० किलोमीटर! उड्डाणाला लागतो दीड तासाच्या आसपास वेळ.

१९७५ साली सुरू झालेल्या लाँगयिअरब्येनच्या विमानतळाची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. बाहेर पडलात की जगभरातल्या शहरांची अंतरं लिहिलेला खांब दिसतो.

पासपोर्ट विसरू नका. स्वालबार्ड युरोपातल्या पासपोर्टमुक्त प्रवासाच्या शेंगेन क्षेत्रात येत नाही. आणि हो, भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र याच द्वीपसमूहावर, न्यू-ओलेसुंडला आहे. 🇮🇳